"एकेक बाटली तपासून देता ना रे?" – जैवऔषधांच्या दर्जाबद्दल

कॉलमवाला (धागाकर्ता)

गणपतीत चिपळूणला आत्याकडे गेलो होतो. आरती आटोपली, "साखर वाढते, नको" म्हणत तिने दोन मोदक संपवले आणि मग फ्रिजमधून इन्शुलिनचं पेन काढलं. टोचून घेता घेता मला म्हणाली, "तुमच्या कंपनीत हे एकेक तपासून देतात ना रे?"

मी पुण्याजवळ एका जैवऔषधांच्या (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधांच्या) कारखान्यात आहे. आधी शुद्धीकरणात, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमवर होतो, आता क्यूएमध्ये, म्हणजे दर्जाहमी विभागात. खरं उत्तर "नाही" असं होतं. सणाच्या दिवशी ते तोंडातून निघेना, म्हणून "हो गं" म्हणालो. तेव्हापासून ते डोक्यात राहिलंय.

बाटली निर्जंतुक आहे का हे बघायचं तर ती फोडावी लागते. आतला द्रव गाळून, जंतूंना आवडेल अशा खाद्यात १४ दिवस ठेवून वाट बघायची. म्हणजे तपासलेली बाटली रुग्णाकडे जात नाही आणि रुग्णाकडे जाते ती तपासलेली नसते. दहा हजारांच्या बॅचमधून या चाचणीसाठी साधारण २० उचलतात. आता समजा त्या बॅचमध्ये शंभरात एक बाटली खराब आहे, म्हणजे एकूण शंभर. उचललेल्या विसांत त्यातली एकही न सापडण्याची शक्यता किती? ८२ टक्के! इतकी वाईट बॅच पाचातल्या चार वेळा चाचणीत आरामात पास होईल.

बरं, सलाईनच्या बाटलीसारखं सील केल्यावर १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करू म्हणाल, तर तेही जमत नाही. इन्शुलिन, अँटीबॉडी ही सगळी प्रथिनं. अंडं उकडल्यावर पांढऱ्याचं जे होतं तेच यांचं होईल. त्यामुळे ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि पुढे बूच लागेपर्यंत त्यात काही पडू द्यायचं नाही. सगळा खेळ या "पडू द्यायचं नाही"चा आहे.

यावरून मुल्कोवाल आठवतं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ती गोष्ट वाचायला हवी, कारण ती परळमध्ये सुरू होते. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिननी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती टोचली. एका बाटलीतून, क्रमांक ५३-एन, टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली आणि ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिननी लशीत कार्बोलिक आम्ल (जंतुनाशक) घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता, मुख्यतः त्या बदलावर बोट ठेवलं गेलं. त्यांना पदावरून बाजूला केलं गेलं. पुढे साक्षींमधून जे दिसलं ते असं: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तोच उचलून, जुजबी बुडवून, त्याने बूच ओढलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून बाजू मांडल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली ती गेलीच.

मला यात चिमट्याइतकंच काय खुपतं सांगू? चिमटा पडला त्या क्षणी "थांबा, हा पडला, दुसरा द्या" म्हणायची सोय त्या माणसाला होती का?

माझ्या आधीच्या नोकरीतला (नाव विचारू नका) किस्सा सांगतो. अँटीबॉडीच्या शुद्धीकरणात एक पायरी असते: आम्ल घालून द्रावणाचा पीएच ३.६ च्या आसपास उतरवून ६० मिनिटं धरायचा, म्हणजे विषाणू असलेच तर निकामी होतात. एका रात्रपाळीत ऑपरेटरने ५२ मिनिटांनाच पुढची पायरी सुरू केली. सकाळी त्याने आपणहून येऊन सांगितलं. प्रक्रिया मुळात ३० मिनिटांना सिद्ध झालेली होती, त्यामुळे बॅच अभ्यासाअंती सुटली. कोणाचं काही बिघडलं नाही. त्याला मात्र मेमो मिळाला. डेव्हिएशनच्या (ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याच्या नोंदीच्या) कागदावर मी, याच हाताने, लिहिलं: "मूळ कारण – मानवी चूक. उपाय – पुन्हा प्रशिक्षण."

पुढचे आठ महिने त्या विभागातून एकही डेव्हिएशन आलं नाही. भिंतीवर आलेख लागला, शून्याचा केक कापला. मीही खाल्ला.

मग बाहेरच्या ऑडिटर बाई आल्या. आलेखापुढे उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न तोच: "आठ महिन्यांत इथे काहीच चुकलं नाही?"

तर बोला मंडळी. तुमच्याकडे दर्जा कसा सांभाळतात, कसा सांभाळल्यासारखा दाखवतात, सगळं येऊ द्या.

---

वाचनखूण

मस्त लिहिलंय. ०.९९ चा विसावा घात काढून बघितला, ०.८१८ येतो. बरोबर आहे. पण मग ती चाचणी करतातच कशाला? फक्त समाधानासाठी?

---

पेट्रीडिश

कॉलमवाला, तुम्ही आत्याशी अगदीच खोटं बोलला नाहीत हो! एकेक बाटली *बघतात*. काळ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दिव्याखाली, डोळ्यांनी नाहीतर कॅमेऱ्याने. तडा, कण, तिरकं बूच असलेली प्रत्येक बाटली बाजूला पडते. एकेक तपासता येत नाही ते निर्जंतुकपण. क्यूएवाल्यांना इन्स्पेक्शनच्या मुली कधी दिसतच नाहीत. :)

वाचनखूण, चाचणी ढळढळीत गोंधळ पकडते. पण आमची खरी परीक्षा मीडिया फिल. औषधाऐवजी जंतूंचं खाद्यच बाटल्यांत भरायचं, तीच लाईन, तीच माणसं, तेवढेच तास. मुद्दाम मध्येच मशीन अडकवायचं, माणसं बदलायची. निदान पाच हजार बाटल्या भरून उबवायच्या आणि एकही गढूळ व्हायला नको. पाच हजारांत शून्य आलं तरी गणिताने एवढंच म्हणता येतं की खरा दर बहुधा ०.०६ टक्क्यांहून जास्त नाही. "शून्य" म्हणता येत नाहीच.

मी मायक्रोबायोलॉजीत आहे आणि माझं ठाम मत आहे की त्या खोलीतली सगळ्यात घाण वस्तू माणूस. ग्रेड ए मध्ये, म्हणजे सगळ्यात स्वच्छ जागेत, घनमीटरला अर्ध्या मायक्रॉनचे ३५२० पर्यंतच कण चालतात. नुसता हात झटकून उभा राहिलेला माणूस त्याचा बोऱ्या वाजवतो. म्हणून आत हळू चालायला शिकवतात. खरंच शिकवतात! नवीन मुलं पहिल्या आठवड्यात लग्नातल्या नवरीसारखी चालतात.

काजळ, टिकली, नेलपॉलिश बंद. मंगळसूत्र काढायचं. यावरून आमच्याकडे दोनदा रडारड झालीय. एकीच्या सासूबाई फोन करून मॅनेजरशी बोलल्या होत्या. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी दाराशीच उभी राहते. गुलाल केसांतून तीन दिवस निघत नाही. "दोनदा शाम्पू केला मॅडम" म्हणतात, पण कानामागे गुलाबी असतंच. त्या दिवशी त्यांना भरणीला सोडत नाही, पॅकिंगला पाठवते.

---

चिकित्सक चिंतोपंत

लेख गोड आहे, पण वस्तुस्थिती कडू. सगळा कागदांचा कारखाना आहे. मी सहा वर्षं क्यूसीत (दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत) काढून बाहेर पडलो. एके ठिकाणी (नाव नको) दोन वह्या होत्या. खरे आकडे कच्च्या वहीत, "बरोबर" आकडे पक्क्यात. ऑडिटच्या आदल्या रात्री आठ जण बसून एकाच शाईच्या पेनाने तीन महिन्यांच्या सह्या करत होते. पहाटे चहा-वडापाव कंपनीतर्फे. एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) आधी नमुन्याचं "ट्रायल" इंजेक्शन मारायचं, नीट आलं तर तेच खरं. तुमच्या ८२ टक्क्यांचं कौतुक कशाला करता? जिथे आकडाच खोटा तिथे गणित काय चाटायचंय?

---

कॉलमवाला

चिंतोपंत, तुमचं एक अक्षर खोडणार नाही. म्हणूनच हल्ली ऑडिटर औषधाआधी कॉम्प्युटर बघतात. कोणी, कधी, काय बदललं याचा ऑडिट ट्रेल, पुसलेल्या फायली, घड्याळ मागे नेलंय का, "टेस्ट" नावाचे फोल्डर. कचऱ्याच्या पिशव्या उघडलेल्या मी स्वतः पाहिल्यात.

पण दोन वह्या का होतात तेही बघा. खरा आकडा सांगितल्यावर जिथे मेमो मिळतो तिथे दुसरी वही आपोआप निघते. माझ्या त्या ऑपरेटरने पुढच्या वेळी ५२ ला ६०च लिहिलं असणार. असणार काय, मला तसं नंतर कळलंच. आम्हीच त्याला ते शिकवलं. "पुन्हा प्रशिक्षण" बहुतेक त्यालाच म्हणत असावेत.

तसं रात्री साडेतीनला तो टायमर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि अलार्म नव्हता. हे आम्हाला ऑडिटर बाईंनी विचारल्यावर सुचलं. अलार्म बसवला. एका बॅचच्या किमतीपुढे तो खर्च अगदीच किरकोळ होता.

---

बॉस्टनकर

२००९ मध्ये मी इथे पोस्टडॉक होतो. चार्ल्स नदीकाठी ऑल्स्टनला जेन्झाइमचा कारखाना होता, विटांचा, चर्चसारखा दिसणारा. रोज बसमधून दिसायचा. त्या जूनमध्ये तो बंद ठेवावा लागला. बायोरिॲक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) व्हेसिव्हायरस २११७ नावाचा विषाणू शिरला होता. माणसाला त्याने आजार होतो असं माहीत नाही, पण ज्या चो पेशी (चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून आलेल्या) औषध बनवतात त्या मंदावतात. गोशे आजाराचं सेरेझाइम आणि फॅब्री आजाराचं फॅब्राझाइम तिथे बनायचं. दुर्मिळ आजार, मोजके रुग्ण, आणि ऐन वेळी औषध रेशनवर. लोकांनी डोस अर्ध्यावर आणले. पुढच्याच वर्षी एफडीएशी (अमेरिकेच्या औषध नियामकाशी) झालेल्या करारात १७.५ कोटी डॉलर भरावे लागले.

धाग्याशी संबंध असा की २००८ मध्येच ऑल्स्टनला आणि बेल्जियममधल्या गेल इथे पेशींची वाढ एकेकदा मंदावली होती. तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत काही सापडलं नाही. २००९ ला या विषाणूसाठी खास चाचणी तयार झाल्यावर कंपनीने सांगितलं की आधीच्या दोन वेळीही बहुधा हाच होता. म्हणजे बायोरिॲक्टर वर्षभर आधीपासून "मला बरं नाही" सांगत होता. ज्या जंतूचं नावच यादीत नाही, त्याला यादीतली चाचणी कशी धरणार?

---

कॉलमवाला

बॉस्टनकर, हे फार मोलाचं. म्हणूनच शुद्धीकरणात विषाणू शोधण्यापेक्षा तो असेलच असं धरून चालतात. चो पेशींत रेट्रोव्हायरससारखे कण मुळातच असतात. म्हणून आम्ल, मग कॉलम, मग २० नॅनोमीटरचा फिल्टर. प्रत्येक पायरी किती पटींनी विषाणू कमी करते हे वेगळ्या प्रयोगशाळेत, छोट्या प्रमाणावर, मुद्दाम विषाणू ओतून मोजतात. कारखान्यात कोणी शहाणा विषाणू आणत नाही. एक पायरी दहा हजार पट, दुसरी लाख पट, असे गुणाकार करत जायचं. आंबा पेटीत भरताना आपण पेंढाही घालतो, कागदही गुंडाळतो, तसंच.

---

मूत्रपिंडवाली

नेफ्रोलॉजिस्ट आहे. मुल्कोवालच्या बुचावरून आमच्याकडचं बूच आठवलं. डायलिसिसच्या रुग्णांना रक्त वाढायला एरिथ्रोपोएटिन देतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच्या एप्रेक्स या ब्रँडमधून १९९८ च्या सुमारास मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० (प्रथिन स्थिर ठेवणारं रसायन) घातलं. हेतू चांगला होता, मानवी रक्तातला घटक औषधात नको. पण त्यानंतर काही रुग्णांत भलतंच दिसू लागलं. शरीर त्या औषधाविरुद्ध अँटीबॉडी बनवायचं आणि त्या अँटीबॉडी रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही मारायच्या. लाल पेशी बनणंच थांबायचं. एक तर्क असा की नव्या पॉलिसॉर्बेटने सिरिंजच्या रबरी बुचातून काही द्रव्यं बाहेर खेचली. बुचाला लेप दिला, कातडीखाली टोचणं थांबवलं, थंड साखळी कडक केली, तेव्हा प्रमाण उतरलं.

मला विचारायचं ते असं: आपल्याकडचे बायोसिमिलर (मूळ जैवऔषधाच्या दुसऱ्या कंपनीने केलेल्या जवळच्या नकला) मी रोज लिहून देते, स्वस्त आहेत म्हणून रुग्ण टिकतात. रुग्ण विचारतात, "मूळ औषधाइतकंच चांगलं का?" काय सांगू?

---

कॉलमवाला

डॉक्टर, "मूळ औषध" म्हणजे तरी कुठलं, हा एक गमतीचा प्रश्न आहे. बायोसिमिलर बनवणारे मूळ औषधाच्या बाटल्या वर्षानुवर्षं बाजारातून विकत घेऊन मोजत बसतात. सॅमसंग बायोएपिसच्या लोकांनी हर्सेप्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या बाटल्या अशा मोजल्या. २०१८-१९ मध्ये मुदत संपणाऱ्या काही लॉटमध्ये प्रथिनावरच्या साखरेची ठेवण बदललेली आणि पेशी मारण्याची एक क्षमता उतरलेली निघाली. हे त्यांनी २०१७ मध्ये छापलं. नक्कल करायला बसलेल्यांना अस्सल सरकलेलं सापडलं! त्यामुळे तुलना एका आकड्याशी नसते, मूळ औषध जेवढ्या पट्ट्यात हलतं त्या पट्ट्याशी असते. हिरवळीतल्या दुर्वा मोजण्यासारखं आहे हे. तीन पात्यांची जुडी हवी, पण दोन जुड्या हुबेहूब कधीच नसतात.

रुग्णाला मी असं सांगेन: नाव आणि बॅच क्रमांक केसपेपरवर लिहून ठेवा, दर महिन्याला दुकान बदलेल तसा ब्रँड बदलू नका. उद्या काही झालं तर कुठल्या बाटलीने झालं ते कळायला हवं. ५३-एन हा क्रमांक लिहिलेला होता म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय.

---

एमआयडीसीतला

सगळे मोठ्या कंपन्यांचे मोठे लोक बोलताय. माझं छोटं युनिट आहे, इंजेक्टेबल्सचं. एएचयू (खोल्यांत गाळलेली हवा सोडणारी यंत्रणा) चोवीस तास चालू, रविवारी उत्पादन नसलं तरी बंद करता येत नाही, खोल्यांतला हवेचा दाब पडतो. विजेचं बिल बघून रात्री झोप लागत नाही. सुधारलेलं शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) २०२३ च्या अखेरीस आलं, २५० कोटींच्या खाली उलाढाल असलेल्यांना आधी वर्ष दिलं, मग २०२५ च्या डिसेंबरपर्यंत वाढवलं. आता जोखीम व्यवस्थापन करा, वार्षिक आढावा करा. माणसं कुठून आणू? शिकवली की दोन वर्षांत हिंजवडीला पळतात.

---

पेट्रीडिश

दादा, विजेचं दुःख खरं आहे. पण दाब टिकवायचाच. १० पास्कलचा फरक म्हणजे दाराखालून धूळ आत येण्याऐवजी बाहेर जाते एवढंच. त्याला दुसरी पळवाट नाही.

जोखमीच्या कागदांचं मात्र एक सांगते. सल्लागाराकडून ८० पानी तक्ता विकत घेऊ नका. तुमच्या लाईनवरच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला चहा पाजून विचारा, "तुला रात्री कशाची भीती वाटते?" आमच्या तात्यांनी सांगितलं होतं, बुचांचा वाडगा अडकला की हात बाटल्यांच्या *वरून* न्यावा लागतो. कुठल्याही तक्त्यात नव्हतं ते. वाडग्याची जागा फिरवली, काम झालं.

---

वाचनखूण

एक भाबडा प्रश्न. सरकार तपासत नाही का काहीच?

---

कॉलमवाला

तपासतं. लशींचे लॉट कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून सुटल्याशिवाय बाजारात येत नाहीत. २०२१ मध्ये करोनाच्या लशींसाठी पुण्याच्या एनसीसीएसलाही (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राला) ते काम दिलं होतं. इन्शुलिन वगैरेंसाठी नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था आहे. पण वरचं विसाचं गणित त्यांनाही लागू. त्यांच्याकडेही मोजक्याच बाटल्या जातात, बाकी कागद वाचतात. कागद खरे असले तर उपयोग.

---

चिकित्सक चिंतोपंत

घ्या! शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

---

कॉलमवाला

आलो. केक खाल्लाय ना मी.

---

मूत्रपिंडवाली

आणि कारखान्यातून बाहेर पडल्यावर? आमच्या इथे दुपारी चार तास वीज नसते. केमिस्टच्या फ्रिजात वर दूध, खाली एरिथ्रोपोएटिन. पोलिओच्या लशीवर ते वर्तुळातल्या चौकोनाचं लेबल असतं, ऊब लागली की चौकोन गडद होत जातो, वर्तुळाइतका झाला की फेकायची. गावातल्या आशाताईलाही न शिकवता कळतं. इन्शुलिनवर तसं का नाही लावत?

---

कॉलमवाला

लावायला हवं असं माझंही मत. पण ते लेबल फक्त उष्णता सांगतं, गोठल्याचं सांगत नाही. आणि घरोघरी पेनं गोठतात ती फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, वापरातलं बहुतेक ब्रँडचं चारेक आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. गोठलेलं वितळवून वापरायचं नाही. दिसायला ठीक दिसलं तरी नाही.

यावरून काल आत्याला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी चुकीचं सांगितलं, एकेक तपासत नाहीत, मग हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, "बरं, आणि गोठून परत वितळलेलं चालतं का रे?"

"कोणाचं गोठलं?"

"शेजारच्या काकूंचं."

शेजारच्या काकूंना मधुमेह नाही, मला पक्कं माहीत आहे. "काकूंना सांग, टाकून दे. कोणी रागावणार नाही," म्हटलं.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दोन पेनं आहेत. सूनबाईला सांगू नकोस हं, महागाची आहेत."